जाड पुस्तक आणि भलतीच परीक्षा

दौंडहून रेल्वेने, शिरूरहून एसटीने पुणे गाठायचं आणि अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांची पिशवी भरून आणायची, हा अकरावी-बारावीतला ठरलेला कार्यक्रम. यादी बहुधा गावातल्या एखाद्या पुढे गेलेल्या दादाची किंवा ताईची. हेतू चांगला असतो, पण यादी त्यांच्या वेळच्या परीक्षेची असते.

‘जेईईची पुस्तकं केली की सीईटी आपोआप होते.’ सगळ्यांत महाग पडतो तो हा समज. एमएचटी-सीईटीची काठिण्यपातळी जेईई मेनच्या तोडीची असते, एवढं खरं. सीईटी कक्षच तसं सांगतो. मात्र अभ्यासक्रम राज्य मंडळाचा आहे: सुमारे ८० टक्के बारावी, २० टक्के अकरावीचे ठरावीक धडे. भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. एकेका गणितावर दहा मिनिटं घालवायला लावणारा जाड ग्रंथ या वेगाची सवय लावत नाही. शिवाय जेईईत चुकीच्या उत्तराला गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत. जेईईच्याच सरावावर वाढलेला मुलगा सीईटीतही खात्री नसलेले प्रश्न कोरे सोडून येतो आणि हातचे गुण घालवतो.

म्हणून आधी बालभारतीची पुस्तकं. ‘ती बोर्डापुरती’ म्हणून बाजूला टाकतात, अकरावीची तर वर्ष संपताच विकून टाकतात. तीच पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यांच्या जोडीला सीईटीच्या मागच्या प्रश्नपत्रिकांचा एक चांगला संच पुरे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीतून देता येतं. गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो, तेव्हा त्यातल्या संज्ञा इंग्रजीतून वाचायची सवय हवी. ‘नीट’ ही परीक्षा द्यायची असेल तर मात्र एनसीईआरटीला पर्याय नाही.

‘कॉमर्सवाल्यांना कसली सीईटी?’ एआयसीटीईच्या मान्यतेखालील बीबीए, बीसीए, बीएमएस प्रवेशांसाठी राज्यात २०२४पासून सीईटी आहे, आणि तिच्या १०० प्रश्नांत सर्वांत मोठा वाटा इंग्रजीचा, ४० प्रश्नांचा.

परदेशी जाणाऱ्यांची फसगत वेगळी. जुनं बालभारती चालतं, कारण अभ्यासक्रम तोच असेपर्यंत धडे बदलत नाहीत. पण टोफेलचं जुनं पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नये. जुलै २०२३मध्ये ती परीक्षा जेमतेम दोन तासांवर आली आणि जुना स्वतंत्र निबंध गेला. जानेवारी २०२६पासून पुन्हा नवं रूप आणि १ ते ६ची गुणश्रेणी. सॅट अमेरिकेबाहेर मार्च २०२३पासून संगणकावर आहे. तिच्या सराव चाचण्या ब्लूबुक अ‍ॅपवर आणि धडे खान अकादमीवर मोफत आहेत.

आयईएल्टीएसबद्दल दोन भ्रम: जड शब्द पाठ हवेत आणि उच्चार साहेबासारखे हवेत. परीक्षक ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चारांची स्पष्टता पाहतो. बोलण्यात मराठी वळण आहे म्हणून गुण जात नाहीत. पाठ केलेली उत्तरं मात्र लगेच ओळखू येतात. पदवीसाठी जाणार असाल तर सहसा ‘अकॅडेमिक’ लागते. ‘जनरल ट्रेनिंग’चं वाचन आणि लेखन वेगळं असतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हा एक शब्द न पाहता पैसे देणारे कमी नाहीत.

चौकात जाण्याआधी आपल्या परीक्षेचं या वर्षीचं अधिकृत माहितीपत्रक वाचा, अभ्यासक्रमाची यादी सोबत न्या, आणि पुस्तकाची अनुक्रमणिका व आवृत्तीचं वर्ष तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.