सिकलसेल आणि जनुकांची कात्री : आपल्या वस्तीला काय माहीत असावे?

सिकलसेल विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांना नवा नाही. पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि आदिवासींमध्ये त्याचे प्रमाण मोठे आहे, हे अनेक दशकांच्या तपासण्यांतून दिसले आहे. आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विदर्भ-खानदेशातून आलेली कुटुंबे राहतात. गाव सुटले तरी रक्तातला वारसा सोबत येतो. अलीकडे मोबाइलवर "जनुक कापून सिकलसेल बरा होतो" असे संदेश फिरतात आणि लोक आम्हाला विचारतात, हे खरे का? खरे आहे, पण अर्धे.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या पेशींमधला डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक सूचना. त्यात हिमोग्लोबिन बनवण्याच्या सूचनेतले एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की गोल, लवचीक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात आणि पेशी लवकर फुटल्याने रक्त कमी पडते. यात कुणाचे पाप नाही, मागच्या जन्माचे फळ नाही. कारण आहे, म्हणून परिणाम आहे.

आता कात्री. जिवाणू स्वतःवर हल्ला करणाऱ्या विषाणूचा डीएनए कापून टाकतात. त्यासाठी ते कॅस-९ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम वापरतात. इमॅन्युएल शार्पेंतिये आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये दाखवले की या कात्रीला आपण हवा तो पत्ता देऊ शकतो. २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पत्ता म्हणजे आरएनएचा छोटा धागा. त्याची सुमारे २० अक्षरे जिथे जुळतात, तिथे कात्री डीएनएचे दोन्ही धागे कापते. मग पेशी स्वतःच तो तुटलेला भाग सांधते आणि सांधताना मजकूर बदलतो. पत्ता थोडा चुकला तर कात्री भलतीकडे चालू शकते. म्हणून शास्त्रज्ञ विकराची रचनाच बदलून ते अधिक नेमके करत आहेत.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मंजूर केलेली कॅसजेव्ही ही उपचारपद्धती चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाही. बाळ पोटात असताना वेगळे हिमोग्लोबिन बनते आणि जन्मानंतर ते जवळजवळ बंद होते. ते बंद करणारा ब्रेक ही कात्री निकामी करते. रुग्णाच्या रक्तातल्या मूळ पेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत बदलतात, तीव्र केमोथेरपीने जुना अस्थिमज्जा रिकामा करतात आणि बदललेल्या पेशी परत देतात. या केमोथेरपीमुळे वंध्यत्वाचा धोका असतो.

अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून जास्त. आपल्या कामगारासाठी हा आकडा असून नसल्यासारखाच. म्हणूनच दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेचे काम महत्त्वाचे आहे. तिथे कॅस-९ चाच एक सुधारित प्रकार तयार झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' ही देशी उपचारपद्धती जाहीर झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले. रुग्णांवरच्या चाचण्यांत ती खरी उतरायला हवी. उतरली, तर ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळावी, ही मागणी आपण आजपासून करायला हवी. ज्यांच्या रक्तात हा आजार आहे, त्यांनाच औषध परवडू नये, हे चालणार नाही.

तोवर हातात काय आहे? तपासणी. ० ते ४० वयोगटासाठी सरकारची सिकलसेल मोहीम २०२३ पासून सुरू आहे. हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे नियमित घेतली तर वेदनांचे झटके कमी होतात. लग्नाआधी दोघांनीही तपासणी करावी, एकट्या मुलीने नव्हे. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन पूर्ण सामान्य असेल, तर बाळाला आजार होत नाही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तेवढ्यावरून स्थळ मोडणे अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू. या उपचारात फक्त रक्ताच्या पेशी बदलतात, बीजपेशी नाहीत. बरा झालेला रुग्णही ते अक्षर मुलांना देऊ शकतो. म्हणून कात्री आली तरी तपासणीचे काम संपणार नाही.