सहाचाकी मॅक्स टू: बिघाड चेनमध्ये की गिअरबॉक्समध्ये?

अमेरिकेतली जुनी मॅक्स टू जमिनीवर आणि पाण्यातही चाकांच्याच जोरावर चालते. एक बाजू बंद पडली, तर तळ्यात गोल फिरत बसाल! म्हणून तपासणी आधी काठावर.

इंजिन बंद, न्यूट्रल, गाडी ठोकळ्यांवर. एक चाक हाताने फिरवा. बोटं चेनपासून लांब. एका बाजूची तिन्ही चाकं चेनने जोडलेली असतात, ती सोबतच फिरायला हवीत.

एकटंच फिरलं? चेन तुटलीय किंवा स्प्रॉकेट ॲक्सलवर घसरतंय.
तिन्ही फिरतात, पण ती बाजू ओढत नाही? गिअरबॉक्सकडे बघा.
चाक वर-खाली हलतंय? बहुतेक बेअरिंग झिजलंय.

कोडमधला बग मी असाच शोधतो: आधी जागा पक्की करा, मगच पाना उचला.