परत आलेला बाप आणि लेकराचं मन

यशवंतरावांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा बाळ सात महिन्यांचं होतं. ते ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला परतले, तेव्हा त्याचं पाचवं वर्ष संपत आलं होतं. १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये आले. माता रमाईंच्या त्यागाबद्दल आपण नेहमी बोलतो. पण बाप परत येतो तेव्हा लेकराच्या मनात काय चालतं, यावर आपल्या घरात फारसं बोलणं होत नाही.

आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांतही अशी घरं आहेत. कुणाचा बाप आखातात कामाला, कुणाचा तुरुंगात, कुणाचा व्यसनापायी घर सोडून गेलेला. कधी आईच दूर असते. वर्षांनी माणूस दारात येतो. घरचे म्हणतात, "जा, पप्पांना मिठी मार." आणि पोर आजीच्या पदराआड लपतं.

हे पोर उद्धट नाही. लंडनमध्ये जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी आई-वडिलांपासून लांब ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. मूल आधी रडतं, मग गप्प होतं, शेवटी आपल्याला कुणाची गरजच नाही असं वागू लागतं. दूर गेलेलं माणूस परत आलं तरी तोंड फिरवतं. पुन्हा दुखू नये म्हणून मनानं घातलेलं ते कुंपण असतं.

थोडी मोठी मुलं पहिले काही दिवस फार शहाण्यासारखी वागतात, मग अचानक हट्ट, भांडण, उलट उत्तरं सुरू होतात. "हा माणूस खरंच राहणार का?" हे ती तपासून बघत असतात. काहींचं पोट दुखतं, झोप मोडते, अंथरूण ओलं होतं.

परत आलेल्यानं काय करावं? मिठीची, पापीची जबरदस्ती करू नये. मोबाईल, सायकल देऊन माया विकत घेऊ नये. रोज थोडा वेळ द्यावा: शाळेत सोडणं, एकत्र जेवणं, अभ्यासाला शेजारी बसणं. जमेल तेवढंच कबूल करावं आणि ते पाळावं. आल्या आल्या शिस्तीचा दंडुका उगारू नये. "तू कुठे होतास?" असं विचारलं तर वयाला झेपेल असं खरं उत्तर द्यावं.

आजी, मावशी, मामा यांनी त्याला वाढवलं असेल, तर त्यांच्यापासून मूल तोडू नये. आणि घरच्यांनी "तुझा बाप असलाच" हे मुलासमोर बोलू नये. दहा बाय बाराच्या खोलीत मूल सगळं ऐकतं.

मात्र आधी मारहाण झाली असेल, तर मुलाची सुरक्षितता पहिली. भेट तिसऱ्या विश्वासू माणसासमोरच व्हावी. धोका वाटला तर १०९८ वर फोन करा.

दोन-तीन आठवडे मूल खात नाही, झोपत नाही, शाळेत जात नाही, किंवा मरणाची भाषा बोलतं, तर थांबू नका. मरणाचं बोललं तर त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवस-रात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. कूपर, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे.

नातं जुळायला महिने लागतात, कधी वर्षंही. तोवर मोठ्यांनी थांबायचं. लेकरानं तर त्याहून जास्त वाट पाहिलेली असते.