चिठ्ठी आणि पंगत

मुदपाकखान्यात शंभर लाडवांची चिठ्ठी गेली, म्हणून पंगतीत शंभर लाडू पडतीलच असे नाही; हे कोणीही यजमान सांगेल! पेशीतही तसेच आहे. जनुके आर.एन.ए.च्या चिठ्ठ्या धाडतात. प्रत्यक्ष राबतात ती प्रथिने.

या प्रथिनांची मोजदाद म्हणजे प्रोटिओमिक्स. आणि पेशीचा सारा कारभार एकत्र पाहणे म्हणजे सिस्टिम्स बायॉलॉजी. या दोहोंची सांगड अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या ट्रे आयडेकर, लेरॉय हूड प्रभृतींनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घातली. त्यांनी साधे यीस्ट घेतले. गॅलॅक्टोज साखर पचविणाऱ्या त्याच्या यंत्रणेतील एकेक जनुक काढून, साखर देऊन आणि न देऊन, अशा २० परिस्थितींत पेशी तपासल्या. ९९७ जनुकांच्या चिठ्ठ्या कमीजास्त झाल्या. प्रथिने मोजता आली २८९. त्यांपैकी सुमारे १५ प्रथिनांचे प्रमाण बदलले. पण त्यांच्या चिठ्ठ्यांत तसा फरकच नव्हता! म्हणजे चिठ्ठी निघाल्यानंतरही पेशी आपला हिशेब फिरवीत होती.

आपली बहुतेक औषधे प्रथिनांवरच चालतात. तेव्हा वाचकहो, रोग ओळखायचा तर नुसती चिठ्ठी वाचून भागायचे नाही. पंगतीतही डोकावले पाहिजे!