सायकल अंगाच्या मापाची आहे ना?

वस्तीत तपासणीला बसलो की गुडघा, कंबर, मान दुखते म्हणणारे बरेच येतात. गोळी देण्याआधी आम्ही विचारतो, “सायकल चालवता का? कोणाची?” उत्तर बहुधा ठरलेले असते : थोरल्या भावाची, मालकांची, नाहीतर जुन्या बाजारातून घेतलेली. म्हणजे सायकल दुसऱ्याच्या मापाची आणि दुखणे आपले.

दुकानदार ‘२६ची’, ‘२८ची’ म्हणतो, ते बहुधा चाकाचे माप असते. आपण बघायची ती फ्रेम.

माप घरीच घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन्ही पायांमध्ये जाड वही धरून वर जांघेपर्यंत घट्ट लावा. वहीच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून खुणेपर्यंत मोजा. आलेल्या सेंटिमीटरला ०.६६ने गुणा. ७५ आले तर फ्रेम ४९-५० सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस इंची हवी. हा झाला अंदाज. खरी परीक्षा दुकानातच : दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन उभे राहा. तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि दांडा जांघेपासून इंच-दोन इंच खाली राहिला पाहिजे. साडी नेसणाऱ्या बाईने खाली झुकलेल्या दांड्याची लेडीज सायकल घ्यावी.

मग सीट. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पुढचा तळवा पायडलवर आला की गुडघा थोडा वाकलेला राहतो, तेच बरोबर. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो. फार वर असेल तर मागून दुखतो आणि कंबर डावी-उजवीकडे हलते. सीटची नळी खुणेच्या वर ओढू नका. हँडल धरताना कोपर किंचित वाकलेले असावे. हात ताणावे लागले तर मान, कंबर धरते, तळहाताला मुंग्या येतात.

मुलांसाठी “वाढत्या अंगाची घ्या” म्हणून मोठी सायकल आणू नका. कपड्यात ते चालते. सायकलवर मात्र ब्रेक दाबताना पाय जमिनीला पोचले नाहीत, तर मूल पडते.

आहे ती सायकल बदलणे परवडत नसेल तर मिस्त्रीकडून सीट आणि हँडल आपल्या मापाला लावून घ्या. पाना फिरवायला पाच-दहा मिनिटे लागतात. घरात एकाच सायकलवर दोघे जात असतील, तर प्रत्येकाच्या उंचीची खूण सीटच्या नळीवर रंगाने करून ठेवा. त्यानंतरही गुडघा सुजला किंवा दुखणे थांबले नाही, तर दवाखाना गाठा.