दोन वेलींत अंतर किती हवं? जालन्यातल्या द्राक्षबागेचं गणित

जालना म्हटलं की आधी मोसंबी आठवते. पण जालना तालुक्यातलं कडवंची गाव ओळखलं जातं द्राक्षांसाठी. 1996 पासून इथे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाची कामं झाली, पुढे शेततळी आली आणि बागा वाढल्या. नवी बाग लावताना पहिला प्रश्न येतो तो अंतराचा. लोखंडी अँगल रोवून तारा ओढल्या की पुढची 12-15 वर्षं तो निर्णय बदलता येत नाही.

जास्त वेली म्हणजे जास्त माल?

एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. 10 बाय 6 फुटांवर 726 वेली बसतात, 9 बाय 5 वर 968 आणि 8 बाय 4 वर 1,361. एकरी 10 टन माल धरला तर 968 वेलींत प्रत्येकीवर सुमारे 10.3 किलोचा भार येतो, 1,361 वेलींत 7.3 किलोचा. कागदावर दाट लागवड सरस दिसते. पण या गणितात पानं धरलेलीच नाहीत.

खरी गोम सावलीत

आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीवर डोळे तयार होतात आणि पुढचे साधारण 40 ते 60 दिवस त्या डोळ्यांत सूक्ष्म घड घडत असतो. त्या काळात डोळ्यावर ऊन पडलं नाही तर ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर घड कमी निघतात. म्हणजे दिवाळीच्या सुमाराला दिसणारं नुकसान मे महिन्यातच झालेलं असतं.

भारी काळ्या जमिनीत वेल जोमाने वाढते. तिथे झाडं जवळ लावली की पानांवर पानं चढतात, हवा खेळत नाही, भुरी आणि डाऊनी वाढतात. हलक्या मुरमाड जमिनीत जोम कमी, म्हणून जवळचं अंतर चालून जातं. शेजाऱ्याच्या बागेचं माप जसंच्या तसं उचलू नये ते यासाठीच.

मांडव की वाय?

मांडवात पानांचं छत वर आणि घड खाली सावलीत, त्यामुळे मणी उन्हाने करपत नाहीत. पण छत दाट झालं तर डोळे अंधारात जातात. वाय पद्धतीत फुटी दोन्ही बाजूंना पसरतात, मधून ऊन येतं, फवारणीही सोपी होते.

वाइनचं गणित उलटं

खाण्याच्या द्राक्षाला मोठा, फुगलेला मणी हवा. वाइनला लहान मणी बरा, कारण रंग आणि स्वाद मुख्यतः सालीत असतो आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून वाइनच्या बागेत फुटी तारांवर सरळ उभ्या बांधतात आणि उत्पादन मुद्दाम कमी ठेवतात. फ्रान्सच्या बरगंडीत हेक्टरी 10,000 वेली, म्हणजे एकरी सुमारे 4,000 असतात. तिथल्या थंड हवेत ते जमतं. मराठवाड्यात घड पूर्ण उघडे टाकले तर उष्णतेने आम्लता आणि रंग दोन्ही उतरतात.

उभ्या बागेत काय करता येईल?

अंतर बदलणार नाही, पण खरड छाटणीनंतर जादा फुटी वेळेत काढून ओलांड्यावर ऊन आणता येतं. अडचण पाण्याची आहे. डोळे घडतात तो एप्रिल-मे हाच जालन्यात टंचाईचा काळ. पाणी फारच तुटलं तर काडीच पोसत नाही. त्यामुळे एकरी किती वेली हे ठरवताना शेततळ्यात मे महिन्यात किती पाणी उरतं, तेही आधी मोजावं लागतं.