पुष्कळ मीठ खाल्लेली माणसे

माणूस म्हातारा झाला आहे, हे त्याला न दुखवता कसे म्हणावे, हा पेच सर्वच भाषांपुढे असतो. मराठीत 'थेरडा'पासून 'ज्येष्ठ'पर्यंत शब्दांची मोठी उतरंड आहे. परक्याविषयी आपण 'त्यांनी चार पावसाळे अधिक पाहिले आहेत' असे आदराने म्हणतो. घरातल्या माणसाविषयी 'आता ते थकले' एवढेच हलक्या आवाजात बोलतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेने हा पेच कसा सोडविला आहे, ते येथे सांगावयाचे आहे. आमचे आयुष्य गेटसभांत आणि हजेरीपटांत गेले. भाषाशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु म्हाताऱ्या कामगाराला लोक काय म्हणतात, हा प्रश्न मात्र आमच्याच प्रांतातला आहे.

स्वाहिली ही बांटू कुळातील भाषा. तिचे नाव अरबीतील 'सवाहिल', म्हणजे किनारे, या शब्दावरून आले. टांझानिया आणि केनिया या दोन्ही देशांत ती राजभाषा आहे. समुद्रावरच्या जुन्या व्यापाराने हिंदुस्थानातली 'गाडी' तिच्यात 'गारी' होऊन बसली, आणि 'बिमा' तर जवळजवळ तसाच राहिला.

या भाषेत वृद्धाला 'म्झे' म्हणतात. अनेकवचन 'वाझे', आपल्याकडील वाझे मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये. 'म्झे' म्हणजे म्हातारा खरा, पण तो मानाचा शब्द आहे. मुलगा बापाला म्हणतो, कामगार मुकादमाला म्हणतो. केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांना सारा देश 'म्झे' म्हणूनच ओळखत असे. टांझानियात १९८५ साली अध्यक्ष झालेल्या अली हसन म्विन्यी यांनी व्यापारावरील बंधने सैल केली, तेव्हा लोकांनी त्यांना 'म्झे रुक्सा' केले. रुक्सा म्हणजे परवानगी.

आता याच शब्दाचा पहिला 'म्' काढून 'कि' लावा. 'किझे' होते, आणि मान जातो. 'म्' हा माणसांचा उपसर्ग आहे. 'कि' हा बहुधा वस्तूंचा, आणि लहानपणा दाखविण्याचाही. 'म्तोतो' म्हणजे मूल, 'कितोतो' म्हणजे इवलेसे पोर. तरुणालाही 'किजाना' म्हणतात, तेव्हा 'कि' दर वेळी अपमानच करतो असे नाही. पण 'किझे' म्हटले की जख्खड म्हातारीच डोळ्यांसमोर येते. एका अक्षराने माणूस वस्तूंच्या रांगेत जातो. साठीकडे झुकलेल्या कामगारांची यादी 'निरुपयोगी मनुष्यबळ' अशा मथळ्याखाली फलकावर लावलेली आम्ही एका कारखान्यात पाहिली आहे. तोही 'कि' लावण्याचाच प्रकार होता.

आदराचे दुसरे शब्द पाहा. वय झालेल्या माणसाला 'म्तु म्झिमा' म्हणतात. 'म्तु' म्हणजे माणूस, आणि 'म्झिमा' म्हणजे अख्खा, धडधाकट. प्रौढालाही हेच म्हणतात, म्हणून वृद्धाला म्हटले तर बोचत नाही. आपण म्हणतो 'थकले'. ते म्हणतात 'पुरे माणूस झाले'.

सर्वांत आवडला तो मिठाचा वाक्प्रचार. 'आमेकुला चुम्वी न्यिंगी', शब्दशः, 'त्यांनी पुष्कळ मीठ खाल्ले आहे'. अर्थ, ते पुष्कळ वर्षे जगले आहेत. आमची समजूत अशी, की मीठ रोज चिमूटभरच खाल्ले जाते, तेव्हा पुष्कळ मीठ पोटात जावयास पुष्कळ दिवस लोटावे लागतात. मराठीतही मीठ आहे, पण ते धन्याचे. 'खाल्ल्या मिठाला जाग' हे वाक्य आम्ही संपाच्या वेळी किती वेळा ऐकले, त्याला गणती नाही. स्वाहिलीतल्या या मिठाचे देणे कोणाचेच नाही. ते ज्याने खाल्ले त्याचे आयुष्य मोजते.

धाकट्याने वडीलधाऱ्याला 'शिकामो' म्हणावे आणि त्याने 'माराहाबा' म्हणून ते स्वीकारावे, अशी तिकडची रीत आहे. 'शिका' म्हणजे धरणे. 'तुमचे पाय धरतो' असा मूळ अर्थ सांगतात. आपल्या 'पाया पडतो'चाच हा भाऊबंद. या किनाऱ्यावर एके काळी गुलामांचा व्यापार चालत असे, आणि दास धन्याला असेच अभिवादन करीत, म्हणून या शब्दाला नाक मुरडणारेही आहेत. ते खरे असेल, तर लोकांनी धन्याचा शब्द काढून घेऊन आजोबांच्या पदरात टाकला, असे आम्ही म्हणू. जेथे वडीलधारे आहेत तेथे काम बिघडत नाही, अशा अर्थाची म्हणही त्या भाषेत आहे.

पण नुसत्या शब्दांनी चूल पेटत नाही. हे झांझिबारने ओळखले, असे आम्हांस वाटते. तेथील सरकारने एप्रिल २०१६ पासून सत्तरी गाठलेल्या रहिवाशांना दरमहा २०,००० शिलिंग निवृत्तिवेतन सुरू केले. पूर्वी नोकरी होती काय, वर्गणी भरली होती काय, ही अट नाही. मासे धरणारा आणि लवंगा खुडणारी, दोघेही त्यात आले. रक्कम लहान होती, जेमतेम नऊ-दहा डॉलरांची. पण ती मागताना कोणाच्या मिठाची आठवण द्यावी लागत नव्हती. आपल्याकडे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरली. नाक्यावरचा बिगारी आणि घरकाम करणारी बाई बहुधा त्या हिशेबात येतच नाहीत.

तेव्हा म्हाताऱ्या माणसांविषयी बोलताना दोन प्रश्न एकत्र विचारावेत, एवढीच विनंती. आपण त्यांना काय म्हणतो, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांच्या हातावर काय पडते? पहिल्याचे चांगले उत्तर स्वाहिली बोलणाऱ्यांकडून शिकता येईल. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपले आपणच मिळविले पाहिजे. त्या माणसांनी मीठ पुष्कळ खाल्ले आहे, आता त्यासोबतची भाकरी कमी पडू नये.